ऑगस्टमध्ये केनिया : पीतज्वराची लस, मसाई मारा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई

मुलुंडकर

नमस्कार. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात केनियाला जायचं घाटतंय, गणपतीच्या आधी घरी परत यायचंच आहे. आम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ६७, बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. मुंबई–नैरोबी थेट विमान, एकूण ८ रात्री. मसाई मारा अभयारण्य ३ दिवस, उरलेल्या दिवसांत समुद्रकिनारी मोंबासा नाहीतर टांझानियातलं झांझिबार बेट. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही.

टूरवाल्याने पाठवलेल्या कार्यक्रमात पहिल्या दिवशी दुपारी ४ ला मारात शिरायचं आणि तिसऱ्या दिवशी दुपारचं जेवण करून निघायचं, असं आहे. मुक्काम माराच्या सेकेनानी गेटच्या बाहेरच्या कॅम्पवर. हे बरोबर आहे का? लस कधी घ्यायची? आणि तिकिटं काढायच्या आधी आणखी काय बघायला हवं?

औषधपेटी

विमानाचं तिकीट नंतर, आधी लस. सासूबाईंच्या लशीचा निर्णय झाल्याशिवाय पैसे कुठेच भरू नका.

मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनियात पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला सहसा मागत नाहीत, म्हणून बरेच जण लस टाळतात. अडचण येते परतताना. भारताच्या यादीत केनिया पीतज्वराचा देश आहे. तिथून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत तुम्ही मुंबईत उतरलात आणि वैध दाखला नसला, तर ते ६ दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरणात ठेवतात. याचं कारण आपल्याकडेच आहे. हा रोग पसरवणारा एडिस डास मुंबईत घरोघरी आहे, डेंग्यू त्याच्यामुळेच होतो. रोग मात्र भारतात नाही. तो आत येऊ नये म्हणून विमानतळावर इतकी कडक तपासणी असते.

दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. ५ तारखेला टोचली तर १५ पासून वैध. २०१६ पासून एकच डोस जन्मभर चालतो, आधी १० वर्षांची मुदत असायची. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि विमानतळ आरोग्य कार्यालय ही त्यांपैकी दोन. एका कुपीत बरेच डोस असतात आणि कुपी उघडली की ६ तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, नोंदणी करूनच बोलावतात. ऐन सुट्टीच्या हंगामात तारीख लांबची मिळते. जुलैच्या सुरुवातीलाच नाव नोंदवा.

जाताना मूळ पासपोर्ट न्या. पिवळ्या पुस्तिकेवर (हाच तो दाखला) नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतो का, लशीचा बॅच क्रमांक, सही आणि शिक्का आहे का, हे केंद्रातून बाहेर पडण्याआधी तपासा. परतताना मूळ पुस्तिका लागते, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

आता सासूबाई. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. तो तरीही क्वचितच होतो, पण निर्णय त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घ्यायचा, टूरवाल्याने नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांपैकी काही असेल तर लस नाहीच. शाकाहारी असल्यामुळे अंड्याची ॲलर्जी आहे की नाही हे त्यांना कधी कळलंच नसेल, तेव्हा लस कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असते हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. लस न घेण्याचं वैद्यकीय पत्र मिळू शकतं. पण ते मानून घरी सोडायचं की विलगीकरणात ठेवायचं, हे विमानतळावरचा आरोग्य अधिकारी ठरवतो. म्हणजे पत्र हातात असलं तरी गणपती विलगीकरणात जाण्याची शक्यता उरतेच. हे त्यांना स्पष्ट सांगा आणि मग ठरवा.

मलेरियाचं वेगळं. "आम्ही मुंबईकर, आम्हाला मलेरियाची सवय आहे" हा समज घातक आहे. मुंबईत बहुतांश व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया असतो, तिकडे बहुतांश फाल्सिपॅरम प्रकारचा, जो काही दिवसांत मेंदूवर जाऊ शकतो. नैरोबी शहरात धोका कमी. मारात आहे आणि मोंबासाच्या किनाऱ्यावर जास्त आहे. प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही चालू राहतात. डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस. घरी आलो म्हणून लोक मध्येच सोडतात आणि नेमकं तेव्हा फसतं. मुलाचा डोस वजनावर ठरतो. परतल्यावर कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "आफ्रिकेहून आलोय" हेच सांगा.

गवताळ

तुमच्या कार्यक्रमात पैसे वाया जात आहेत. हिशेब बघा.

२०२४ पासून मसाई मारा राखीव क्षेत्राचं परदेशी प्रौढाचं तिकीट जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, दर दिवसाला. ९ ते १७ वयाला ५० डॉलर. म्हणजे ऑगस्टमध्ये तुमच्या घराचे रोजचे ६५० डॉलर. पूर्वी तिकीट २४ तास चालायचं, आता सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच. दुपारी ४ ला शिरलात तर दोन तासांसाठी ६५० डॉलर गेले. गेटबाहेर राहून तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आत गेलात तर तिसरं तिकीट.

त्यापेक्षा असं करा. पहिल्या दिवशी आत जाऊच नका. नैरोबीहून नारोक गावामार्गे सेकेनानीला साडेपाच-सहा तास लागतात, सगळे दमलेले असतात, सासूबाईंना विश्रांती मिळेल. दुसऱ्या दिवशी ६ ला गेट उघडताच आत, जेवणाचा डबा बरोबर, थेट मारा नदीपर्यंत आणि संध्याकाळी ६ च्या आत बाहेर. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे आत, दुपारी बाहेर पडून नैरोबी. असे दोन दिवसांच्या तिकिटात दोन भरगच्च दिवस मिळतात. आत मुक्काम असेल तर नियम वेगळा आहे. शेवटच्या दिवशी १० च्या आत बाहेर पडला नाहीत तर आणखी एक दिवसाचं तिकीट पडतं. आणि तुमच्या दरात "पार्क फी" धरली आहे का, किती दिवसांची, हे लेखी घ्या.

गाडीबद्दलही विचारा. स्वस्त दरात छत वर होणारी व्हॅन देतात, महागात लँड क्रूझर. माराची जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, चिकण आहे. एक जोराची सर आली की व्हॅनची चाकं जागीच फिरतात, आणि दुसरी गाडी दोर लावून ओढेपर्यंत तास-दीड तास जातो. ऑगस्ट तिकडे तुलनेने कोरडा, पण मारात दुपारच्या सरी येतात. सासूबाईंच्या कंबरेसाठीही लँड क्रूझरच बरी. तुम्ही चौघं आहात, प्रत्येकाला खिडकी मिळणार हे लेखी घ्या.

विल्डबीस्टचे (हरणांच्या कुळातले मोठे, गवत खाणारे प्राणी) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, त्यामुळे महिना उत्तम निवडलाय. नदी ओलांडण्याला मात्र वेळापत्रक नसतं. कळप काठावर येतो, तासभर उभा राहतो आणि मागे फिरतो. ड्रायव्हरला "चला आता, दुसरीकडे जाऊ" म्हणायची घाई करू नका.

मुलुंडकर

मनापासून आभार दोघांचेही. टूरवाल्याला आजच कळवलं. आणखी दोन शंका. नकाशावर मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी अभयारण्य एकमेकांना चिकटून आहेत, तर तिथूनच टांझानियात जाऊन पुढे झांझिबार करता येईल का? आणि पैसे रोख किती न्यायचे?

किनारपट्टी

नकाशा फसवतो. मारा आणि सेरेंगेटी यांच्यामधून पर्यटकांना सीमा ओलांडता येत नाही, प्राण्यांनाच ती मुभा. माणसांना पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो, सीमेवर गाडीही बदलते, अख्खा दिवस जातो. ८ रात्रींत हे बसवू नका.

झांझिबारला जायचं तर टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा, आणि ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा सक्तीचा विमा प्रौढाला ४४ डॉलर, तुमच्याकडे भारतातला प्रवासविमा असला तरी. शिवाय केनियाहून येणाऱ्याकडे टांझानियात पीतज्वराचा दाखला मागतात. सासूबाईंनी लस घेतली नाही तर तिथेच अडाल. तुमच्यासाठी मोंबासा सोपं.

नैरोबी–मोंबासा रेल्वे २०१७ पासून चालू आहे, पाच-साडेपाच तास लागतात, वाटेत त्साव्होचं अभयारण्य दिसतं. नैरोबीचं स्टेशन शहरात नाही, स्योकिमाऊला आहे, विमानतळाच्या बाजूला. सगळं सामान ओळीने जमिनीवर ठेवून कुत्र्याकडून हुंगवून घेतात, त्यामुळे तासभर आधी पोहोचा. ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी असते, तिकीट आधी काढा. मोंबासाचं स्टेशनही गावाबाहेर, मिरितिनीला. मोंबासाच्या दक्षिणेच्या दियानी किनाऱ्यावर जाणार असाल तर टॅक्सीवाल्याला डोंगो कुंडूच्या रस्त्याने न्यायला सांगा, लिकोनीच्या फेरीबोटीची रांग टळते.

केनियाला व्हिसा जानेवारी २०२४ पासून नाही, त्याऐवजी ईटीए (ऑनलाइन प्रवास-परवानगी) घ्यावा लागतो. लहान मुलाचाही वेगळा अर्ज. शोधलं की दलालांच्या साइट आधी दिसतात आणि दुप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी "डॉट गो डॉट केई" असेल तीच सरकारी. पासपोर्ट पोहोचल्यापासून किमान ६ महिने वैध हवा, विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग जोडावं लागतं. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद असतात, हेच कारण बहुतेक वेळा निघतं.

रोख कमी न्या. डॉलर घेताना २०१३ आधी छापलेल्या, फाटक्या, पेनाने खुणा केलेल्या नोटा मनी-चेंजरला तिथल्या तिथे परत करा, नैरोबीत त्या कुणी घेत नाही. खरा व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या तिथल्या सोयीवर, चालतो. विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सिम घ्या, एम-पेसा सुरू करून घ्या आणि थोडे शिलिंग भरा. भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळे टिल नंबर (पैसे पाठवायचा दुकानाचा क्रमांक) सांगतात. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर आलेलं नाव दुकानाचंच आहे ना, हे वाचून मगच पिन टाका.

खाऊचा डबा

सामानाचं राहिलं. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, अभयारण्यांत २०२० पासून एकदा वापरायच्या बाटल्याही नाहीत. आपली सवय अशी, की थेपले एका पिशवीत, चिवडा दुसऱ्यात, ओले कपडे तिसऱ्यात. हे सगळं स्टीलच्या डब्यांत आणि शिवलेल्या कापडी पिशव्यांत भरा. चौघांना चार स्टीलच्या बाटल्या.

सासूबाईंसाठी महत्त्वाचं : तिकडे सामोसा म्हणजे साम्बुसा, आणि आत बहुतेक वेळा गोमांसाचा खिमा. आकार अगदी आपलाच, म्हणून घात होतो. गिथेरी (मका-घेवडा) आणि सुकुमा विकी (पालेभाजी) एरवी शाकाहारी, पण कधी त्यातही मांस किंवा त्याचं पाणी घालतात. "बिला न्यामा" म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द त्यांना पाठ करून द्या, आणि अंड्यासाठी "बिला मायाई". न्देंगू म्हणजे मूग, चपातीबरोबर मिळतो, तो त्यांना नक्की आवडेल. नैरोबीत पार्कलँड्स भागात गुजराती जेवण सहज मिळतं.

स्वेटर हवाच. नैरोबी सुमारे १८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच. ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत वारा कानात घुसतो. सासूबाईंना कानटोपी आणि शाल, मुलाला वाऱ्याचं जाकीट. गडद निळे-काळे कपडे टाळा, चावणारी त्सेत्से माशी त्यांवर येते. लष्करी नक्षीचे कपडे आणि ड्रोन घरीच ठेवा. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, आपला गोल पिनांचा बसत नाही, अडॅप्टर इथूनच दोन न्या.

कॅमेरा मोठा असेल तर शिंप्याकडून जाड कापडाची, चेन लावलेली, उशीच्या अभ्र्याच्या निम्म्या मापाची पिशवी शिवून घ्या. रिकामीच न्या, नारोकच्या दुकानात दीड-दोन किलो तांदूळ घेऊन भरा आणि गाडीच्या छताच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर तांदळातूनही येते. निघताना तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात देऊन टाका.

आणि वेळ. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा "सा मोजा", पहिला तास. ड्रायव्हर स्वाहिलीत "सा कुमी ना म्बिली असुबुही", म्हणजे बारावा तास, म्हणाला तर तो पहाटे ६ ला येणार आहे. रात्री झोपण्याआधी त्याला फोनवर आकडा दाखवून वेळ पक्की करून घ्या.