मॅमोग्राफीला जाताना पावडर नको

ताई, ‘फार दुखतं म्हणे’ म्हणून तुमच्या आई मॅमोग्राफी, म्हणजे कॅन्सरच्या तपासणीसाठीचा स्तनांचा एक्स-रे, टाळताहेत, त्यावरून लिहिते. दुखतं थोडं, पण दाब काही सेकंदांचाच असतो. स्तन दोन प्लेटांमध्ये दाबला की चित्र स्पष्ट येतं, किरणही कमी लागतात. पाळी अजून येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात जावं, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. नागपूरच्या मे महिन्यात काखेत पावडर लावल्याशिवाय आपण घराबाहेर पडत नाही, पण त्या दिवशी पावडर, डिओ काहीच नको! त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, असे ठिपके कधी कधी कॅन्सरची खूण असतात, आणि उगाच जिवाला घोर लागतो. जुन्या फिल्म असतील तर नक्की न्या. आणि स्तनात हाताला गाठ लागत असेल, तर रिपोर्ट नॉर्मल आला तरी सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला डॉक्टरांना दाखवाच.