‘अलिटा’ पाहताना आपले काय झाले? अनुभव लिहावेत

युकितो किशिरो यांची ‘गन्मु’ ही जपानी चित्रकथा १९९० ते १९९५ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर बेतलेला ‘अलिटा: बॅटल एंजल’ हा हॉलिवूडचा विज्ञानपट २०१९च्या फेब्रुवारीत पडद्यावर आला. मधली कितीतरी वर्षे जेम्स कॅमेरॉन यांनी हा विषय स्वतःजवळ ठेवला होता. ‘अवतार’च्या व्यापात अडकल्यावर त्यांनी दिग्दर्शन रॉबर्ट रॉड्रिगेझ यांच्याकडे सोपवले आणि स्वतः निर्माते व सहलेखक राहिले. या धाग्यात परीक्षण अपेक्षित नाही आणि कथासारही नको. चित्रपट पाहताना आपले आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचे नेमके काय झाले, तेवढेच सविस्तर लिहावे. कथेतली वळणे उघड करायला हरकत नाही.

सुरुवात मीच करतो. २०१७च्या डिसेंबरात पहिली झलक आली तेव्हा अलिटा या नायिकेचे ते अवास्तव मोठे डोळे पाहून मी हा चित्रपट न पाहण्याचे ठरवून टाकले होते. मित्राने आधीच तिकिटे काढून ठेवल्यामुळे जावे लागले. पहिली दहा-पंधरा मिनिटे मी डोळ्यांखेरीज काहीच पाहिले नाही. मग आपल्याकडे इंग्रजी चित्रपटांना नेहमी लागते तसे एका प्रसंगाच्या ऐन मध्यावर मध्यंतर लागले. पॉपकॉर्नच्या रांगेत मित्राने विचारले, “काय, डोळे खुपतायत का अजून?” तेव्हा माझ्या लक्षात आले की ती गोष्ट मी केव्हाच विसरून गेलो होतो.

ठाण्याहून, एक वडील

मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. डॉक्टर इडो भंगाराच्या डोंगरातून उचलून आणलेल्या त्या सायबॉर्ग, म्हणजे अर्ध्या माणूस-अर्ध्या यंत्र असलेल्या, मुलीला नवे शरीर देतात आणि ती पहिल्यांदा संत्रे हातात घेते, तो प्रसंग आठवत असेल. ती सालीसकट चावा घेते आणि तोंड वाकडे करते. तेव्हा आमच्या रांगेतली सगळी मुले एकदम हसली, आणि माझ्या मते त्याच क्षणी त्यांनी तिला आपल्यात घेतले. मोठ्या माणसांना त्यासाठी आणखी अर्धा तास लागला असावा.

पुढे मात्र मला धक्का बसला. चित्रपटात सायबॉर्गांचे हात तुटतात, धडे दुभंगतात, पण त्यांचे रक्त निळे दाखवलेले असल्यामुळे मुलीला त्याचे काहीच वाटत नव्हते. ती निवांत खात बसली होती. मद्यालयातल्या मारामारीत तो लहानसा कुत्रा मारला गेला आणि अलिटाने त्याचे रक्त डोळ्यांखाली लावले, तेव्हा माझ्या मुलीने थ्रीडीचा चष्मा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारले, “बाबा, कुत्र्याने काय केलं होतं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. उरलेला चित्रपट तिने चष्म्याशिवाय, धूसर असाच पाहिला. तिकीट देणारे आणि प्रमाणपत्र देणारे रक्ताचा रंग मोजतात, मुले दुसरेच काही मोजतात, असे घरी येताना रिक्षात मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, “तू आधी पाहून यायला हवं होतंस.” तेही खरेच होते.

कोल्हापूरहून, मूळ चित्रकथेचा वाचक

मी नऊही खंड इंग्रजी अनुवादातून वाचलेले आहेत, त्यामुळे मी हाताची घडी घालून, चुका मोजायच्या तयारीनेच बसलो होतो, हे आधीच कबूल करतो. पहिली चूक लगेच सापडली. मूळ कथेत इडो त्या मुलीला आपल्या मेलेल्या मांजराचे नाव देतो. त्यात एक चमत्कारिक, किंचित क्रूर विनोद आहे. चित्रपटात ते नाव त्याच्या मृत मुलीचे होते, आणि अलिटाला मिळणारे शरीरही त्या मुलीसाठीच बनवलेले असते. त्यामुळे इडोचे प्रेम प्रेक्षकाला लवकरच समजावून दिले जाते. मूळ कथेत तो तिच्याशी असा का वागतो, हे कोडे वाचकाला बराच काळ सोडवता येत नाही, आणि मला ते कोडेच आवडत असे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मूळ कथेत ज्या मुलावर तिचे प्रेम असते तो मरतो आणि त्या दुःखात ती घर सोडून मोटरबॉलच्या जीवघेण्या खेळात उतरते. चित्रपटात हा क्रम उलटा आहे. खेळ आधी आणि मृत्यू नंतर. मोटरबॉल हा शोकाचा भाग होता, त्याची इथे रंजक शर्यत झाली. हे सगळे मी मनातल्या मनात व्यवस्थित मांडत होतो, तोच पडद्यावर ती शर्यत सुरू झाली. ती संपली तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट पकडलेले होते, आणि त्यांतला एक दांडा शेजारच्या गृहस्थांचा होता.

मुंबईहून, दृश्यपरिणामांच्या क्षेत्रात काम करणारी

कोल्हापूरच्या दादांचा अनुभव वाचून हसू आले, कारण आम्हीही काहीतरी मोजायलाच गेलो होतो. आमच्या स्टुडिओतले नऊजण एकाच रांगेत बसलो होतो आणि पहिला तासभर आमच्यापैकी कोणीही कथेकडे लक्ष दिले नाही. रोसा सॅलाझार हिने चेहऱ्यासमोर कॅमेरे बांधून प्रत्येक प्रसंग प्रत्यक्ष केला आणि त्यावरून वेटा डिजिटल या दृश्यपरिणामांच्या कंपनीने अलिटाचा चेहरा घडवला, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून जोड कुठे दिसतो ते शोधणे हाच आमचा खेळ होता. चॉकलेट खाण्याच्या प्रसंगात शेजारचा मुलगा कुजबुजला, “जबडा बघ.” जबडा, ओठ, दात हे आमच्या धंद्यात हमखास फसण्याचे ठिकाण आहे. जबडा फसला नव्हता. मला स्वतःला पटवले ते डोळ्यांनी नाही, तर हसताना डोळ्यांखाली पडणाऱ्या बारीक घडीने. ती घडी नसती तर त्या मोठ्या डोळ्यांची बाहुली झाली असती. शेवटी तलवारीने अश्रू कापला जातो तेव्हा पाण्याच्या सिम्युलेशनबद्दल, म्हणजे संगणकावर केलेल्या हुबेहूब नकलेबद्दल, कोणीतरी बोलायला हवे होते. कोणीच बोलले नाही.

नागपूरहून, निवृत्त शिक्षिका

मला नातवाने नेले. अलिटाचे आणि चित्रपटातल्या त्या मुलाचे प्रेमप्रकरण मला अगदी पोरकट वाटले आणि त्या भागात माझा डोळा लागला, हे लपवत नाही. माझा खरा राग शेवटावर आहे. वर तरंगणाऱ्या झालेम नगरीकडे ती तलवार रोखते, वरून तिथला सर्वेसर्वा नोव्हा चष्मा काढून खाली पाहतो, आणि संपले! दोन तास बसवून ठेवून ‘क्रमशः’ असे लिहिण्याचे सौजन्यही दाखवलेले नाही. मासिकात असे झाले असते तर आम्ही संपादकांना पत्र धाडले असते.

(धागाकर्ता: आजी, आपण एकट्या नाही. पुढच्या भागासाठी जगभरच्या चाहत्यांनी मोहीम चालवली, आणि २०२०च्या ऑस्कर सोहळ्याच्या वेळी वर्गणी काढून आकाशात विमानामागे मागणीचा फलकही फडकवला. चित्रपटाने जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले, पण खर्चही तसाच दांडगा होता.)

तोक्योहून, नोकरीनिमित्त राहणारी

जपानमध्ये हा चित्रपट २२ फेब्रुवारीला आला. मी जपानी उपशीर्षकांचा खेळ पाहिला. इथे प्रेक्षक श्रेयनामावली संपून दिवे लागेपर्यंत जागचे हलत नाहीत आणि बोलत नाहीत, त्यामुळे लोकांना चित्रपट आवडला की नाही हे चेहऱ्यावरून कळणे अशक्य होते. कार्यालयातल्या पन्नाशीच्या एका सहकाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी विचारले. विद्यार्थीदशेत ते ही कथा ‘बिझनेस जम्प’ या नियतकालिकात वाचत असत. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले की भंगाराचा ढीग त्यांनी कल्पिला होता तसाच होता. मी आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबले, पण त्यांनी ‘गन्मु’ हे शीर्षक कागदावर लिहून दाखवले, त्यातले पहिले अक्षर बंदुकीचे आणि दुसरे स्वप्नाचे आहे हे समजावले, आणि ते कामाला लागले. तो कागद अजून माझ्या खणात आहे.

मिरजेहून, प्रॉस्थेटिस्ट

मी कृत्रिम हातपाय बसवण्याचे काम करतो. यंत्रांच्या मारामारीचा मला कंटाळा आहे, पण इडोचा दवाखाना पाहून मी सरसावून बसलो. एक कामगार हात दुरुस्त करून घेतो आणि पैशांऐवजी फळांची पिशवी ठेवतो. माझ्या टेबलावर अशा पद्धतीने शेवग्याच्या शेंगा, गूळ आणि एकदा जिवंत कोंबडीही आलेली आहे.

अलिटा नव्या शरीरात जागी होते, तो प्रसंग मी नंतर घरी पुन्हा पुन्हा पाहिला. ती आधी उठून चालत नाही. हात डोळ्यांसमोर धरते, बोटे हलवते आणि त्यावरची नक्षी पाहते. माझे रुग्णही असेच करतात. त्यांच्या नातेवाइकांना ‘चालून दाखव’ची घाई असते आणि रुग्ण मात्र बराच वेळ त्या वस्तूकडे नुसता पाहत बसतो, जणू कोणी परका पाहुणा घरात आलेला आहे. ही गोष्ट चित्रपट करणाऱ्यांना कोणी सांगितली असेल, याचे मला कुतूहल आहे.

माझे दुसरे निरीक्षण नक्षीबद्दलच आहे. आम्ही वर्षानुवर्षे एकच धडपड करतो, की कृत्रिम हात खऱ्या कातडीसारखा दिसावा. त्यासाठी त्वचेच्या रंगाचे मोजे मागवतो, ते महिन्याभरात पिवळे पडतात आणि रुग्ण ओढणीखाली हात लपवतात. इडोने हात लपवलेला नाही, सजवला आहे. कोपराखाली हात नसलेल्या एका महाविद्यालयीन मुलीने हा चित्रपट मोबाइलवर पाहिला होता. सॉकेट (उरलेला हात ज्यात बसतो ती खोळ) बनवताना साच्यावर मोजा चढवून रेझिन ओततात आणि वरच्या थराखाली हवे ते कापड घालता येते, हे मी तिला सांगितले. पुढच्या खेपेस तिने आईच्या खणाच्या चोळीतून उरलेला तुकडा आणला. काठ मनगटाकडे यावा की कोपराकडे, यावर मायलेकींचा माझ्या टेबलापाशी अर्धा तास वाद चालला होता. शेवटी काठ मनगटाकडे घेतला.