रोबोटिक कॅथेटरचा कन्सोल: नियंत्रण मुठीचे असावे की टोकाचे?

मनगट (चर्चाप्रस्ताव)

कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेली जाणारी बारीक नळी, हाताने चालवणारा डॉक्टर मुळात तीनच हालचाली करतो: पुढे-मागे सरकवणे, पिळणे आणि मुठीवरची कळ फिरवून टोक वाकवणे. एवढ्या भांडवलावर धडधडत्या हृदयातील नेमक्या जागी टोक टेकवण्याचे कसब अंगी बाणायला वर्षे जातात. म्हणून माझे ठाम मत आहे की रोबोटिक प्रणालीच्या कन्सोलने (डॉक्टर जिथे बसून यंत्र दूरून चालवतो त्या नियंत्रणमंचाने) डॉक्टरकडून याच तीन हालचाली मागाव्यात. ‘अमिगो’ प्रणालीचे दूरनियंत्रक नेहमीच्या कॅथेटरच्या मुठीसारखेच घडवलेले होते आणि ती दिशा मला योग्य वाटते.

याउलट हॅन्सन मेडिकलच्या ‘सेन्साय’ने, जिला अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली, त्रिमितीय जॉयस्टिक दिली. जॉयस्टिक ज्या बाजूला न्यावी त्या बाजूला पडद्यावरचे टोक जाते आणि त्यासाठी आतल्या कोणत्या तारा किती ओढायच्या हे संगणक ठरवतो. यात सोय आहे, पण मागे राहिलेल्या लांबलचक नळीचे काय चालले आहे ते डॉक्टरच्या नजरेआड होते. वळणावळणाच्या रक्तवाहिनीत नळी भिंतीला घासते, मुठीकडे दिलेला पीळ वाटेतच साठत राहतो, आणि घर्षण सुटले की टोक एकदम उसळी घेते. हा साठलेला पीळ बोटांना बराचसा जाणवतो. जॉयस्टिक धरलेल्या हाताला तो कळायला मार्ग नसतो.

ऋजुरेषा

मी पूर्णपणे असहमत आहे. त्या तीन हालचाली ही हाताने काम करण्याची अपरिहार्यता आहे. डॉक्टरचे उद्दिष्ट ते नव्हे. त्याला पीळ द्यायचा नसतो, तर टोक फुप्फुसशिरेच्या मुखाशी न्यायचे असते. त्यातच फ्लुओरोस्कोपीचे, म्हणजे एक्स-रेच्या हलत्या प्रतिमेचे, चित्र सपाट असते आणि सी-आर्म (एक्स-रे यंत्राची कमान) फिरवला की त्यातले डावे-उजवे बदलते. त्यामुळे प्रत्येक हालचालीपूर्वी डॉक्टरला मनातल्या मनात दिशांचे रूपांतर करावे लागते. हे ओझे संगणक बिनचूक उचलू शकत असताना ते माणसाच्याच डोक्यावर ठेवण्याचा आग्रह मला समजत नाही.

स्टिरिओटॅक्सिसची ‘नायोबी’ पाहा. रुग्णाच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे कायमचुंबक असतात, ते सुमारे ०.०८ टेस्लाचे क्षेत्र निर्माण करतात, कॅथेटरच्या मऊ टोकात बसवलेले चुंबक त्या दिशेला वळते आणि डॉक्टर पडद्यावर केवळ बाण ठरवतो. तिथे आपण म्हणता तशी मूठ दिली, तर ती कशाची नक्कल करणार?

शिवाय कसब सॉफ्टवेअरमध्येही उतरवता येते. भलत्याच फाट्यात शिरलेली गाइडवायर (कॅथेटरला वाट दाखवणारी बारीक तार) मागे घेताना अनुभवी डॉक्टर तिला किंचित फिरवतो. कोरिंडसच्या ‘कॉरपाथ जीआरएक्स’मध्ये हीच लकब स्वयंचलित केली गेली: जॉयस्टिक मागे ओढली की वायर आपोआप फिरते.

मनगट

चुंबकीय प्रणालीपुरता आपला मुद्दा मान्य आहे, कारण तिथे टोक वळवण्यासाठी मागून पीळ द्यावाच लागत नाही. तारांनी वाकणाऱ्या कॅथेटरला मात्र तो लागू होत नाही. दिशा उलटवली की तारेतला ढिलेपणा आणि घर्षण संपेपर्यंत टोक हलतच नाही. संगणकाच्या गणितात ते वळलेले असते, प्रत्यक्षात नसते. डॉक्टर जॉयस्टिक आणखी रेटतो आणि टोक हवे त्याहून पुढे जाते. बिनचूक रूपांतराची भाषा या अंतराकडे डोळेझाक करते.

घर्षणरेषा

मूठ असो वा जॉयस्टिक, दोघेही हाताला जाणवणारे बल खरे मानून चालले आहात आणि माझा आक्षेप तिथेच आहे. बल मोजले जाते कुठे? मोजमाप शरीराबाहेरच्या टोकाशी असेल, तर रक्तस्राव रोखणाऱ्या झडपेचे आणि सबंध वाहिनीचे घर्षण त्यात मिसळते. अब्लेशनमध्ये (हृदयाचे ठोके बिघडवणाऱ्या जागेवर कॅथेटरने मुद्दाम छोटी जखम करण्यात) टोकाचा दाब साधारण १० ते ४० ग्रॅमांच्या पट्ट्यात ठेवायचा असतो. कमी पडला तर जखम पुरेशी खोल होत नाही आणि फार वाढला तर भिंतीला छिद्र पडण्याची भीती असते. असल्या नाजूक संकेताला घर्षण सहज गिळून टाकते. ‘सेन्साय’मध्ये यावर उपाय म्हणून कॅथेटर शीथमध्ये (त्याच्या बाहेरच्या आवरणनळीत) सतत किंचित मागे-पुढे हलवले जाई, जेणेकरून घर्षण वेगळे काढता यावे. ती कल्पना मला आजही मोलाची वाटते.

पण जिथे असे काही केलेले नाही, तिथे हाताला कृत्रिम प्रतिरोध देऊच नये, कारण खोटा स्पर्श स्पर्शाच्या अभावापेक्षा घातक असतो. हात त्यावर विचार न करता विश्वास ठेवतो. टोकातच संवेदक असेल, तर त्याचे आकडे आणि आलेख कॅथेटरच्या चित्राशेजारी दाखवावेत आणि मर्यादा ओलांडली तरच जॉयस्टिक थरथरावी.

शिसेकवच

एक बाजू राहून गेली. या कन्सोलचे मोठे प्रयोजन डॉक्टरला एक्स-रेपासून दूर बसवणे हे आहे. १६४ रुग्णांवरील ‘प्रिसाइज’ अभ्यासात कन्सोलशी बसलेल्या डॉक्टरपर्यंत पोचणारे किरण टेबलाजवळच्या तुलनेत ९५.२ टक्क्यांनी कमी आढळले. पण यंत्र अडले की त्याच डॉक्टरला उठून टेबलाशी यावे लागते आणि कॅथेटर हातात घ्यावे लागते. वर्षभर फक्त बाण आणि जॉयस्टिक वापरलेल्या हातांकडून त्या क्षणी पूर्वीच्या सफाईची अपेक्षा करता येईल का? मूठ जपण्याच्या बाजूने मला हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो.

ऋजुरेषा

हा मुद्दा मी नाकारत नाही, मात्र त्याचे उत्तर स्वतंत्र आणि नियमित सरावात आहे. आणीबाणीच्या तयारीसाठी प्रत्येक रुग्णावरचे रोजचे काम अवघड करणे मला पटत नाही. ‘मनगट’ यांनी दाखवलेले अंतर मात्र खरे आहे आणि ते लपवणारा कन्सोल मीही नाकारेन. संगणकाच्या गणितातले टोक आणि संवेदकांना सापडलेले टोक अशा दोन्ही आकृत्या पडद्यावर सतत एकत्र दिसाव्यात, त्यांच्यातले अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पुढे सरकणे थांबावे, आणि ती मर्यादा प्रक्रियेपूर्वी डॉक्टरने ठरवलेली असावी. एवढे झाल्यावर नियंत्रण टोकाचेच हवे, या मतावर मी ठाम आहे.

मनगट

पुढे सरकणे थांबले, तरी नळीत साठलेला पीळ तसाच राहतो. तो कुठे आणि किती साठला आहे हे आपल्या दोन आकृत्यांपैकी एकही दाखवत नाही. तो दाखवणारी तिसरी खूण पडद्यावर येईपर्यंत मी मुठीचीच बाजू घेईन.