सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक: सुईचं टोक हरवतंय, आणि मशीन फिरवायचं का?

करवीर_भूल:
गुऱ्हाळं सुरू झाली की चरकात हात सापडलेले पेशंट वाढतात. त्यांच्यासाठी सोनोवर (सोनोग्राफीत बघून) सुप्राक्लॅव्हिक्युलर, म्हणजे गळपट्टीच्या हाडावरून सुई देऊन हात बधिर करायचा ब्लॉक, चालू केलाय. लिनिअर प्रोब, ५० मिमीची २२ गेज सुई, इन-प्लेन (सुई प्रोबच्या लांबीला धरून). आर्टरी दिसते, द्राक्षाच्या घडासारखा प्लेक्ससही (हाताच्या नसांचा जुडगा) दिसतो, पण ऐनवेळी टोक गायब. ६० किलोला औषध किती? आणि पोर्टेबल मशीन तीन हॉस्पिटलांत नेलं तर चालेल का?

पंचगंगा_घाट:
बीमची (प्रोबमधून निघणाऱ्या लहरींच्या पट्ट्याची) जाडी जेमतेम मिलिमीटरभर. सुई जरा तिरकी गेली की तुम्हाला दांडा दिसतो आणि त्यालाच टोक समजून आपण पुढे ढकलतो. प्ल्यूरा (फुफ्फुसाचं आवरण) तिथेच आहे, त्यामुळे हीच चूक महागात पडते. टोक दिसेना की सुई जागीच थांबवा आणि फक्त प्रोब हलवा. आधी सरकवा, मग झुकवा. दोन्ही हात एकदम हलले की शोध संपत नाही.

सुई प्रोबच्या अगदी कडेला टोचू नका, सेंटीमीटरभर लांबून टोचा. कोन ३० अंशांच्या आत राहतो आणि सुई चकाकते. डेप्थ ३-४ सेमी पुरे. सुईच्या वाटेखाली बरगडी हवी: तिच्यामागे काळी सावली पडते. प्ल्यूरा श्वासाबरोबर सरकते, हा फरक आधी बघून घ्या.

शंका आली तर अर्धा मिली सलाईन. काळा फुगा आला तिथे टोक. काहीच फुगलं नाही तर पुढचं औषध देऊ नका. टोक बीमबाहेर असेल, नाहीतर रक्तवाहिनीत.

लोकल_हिशोबी:
०.५% बुपिव्हाकेन (बधिर करायचं औषध, म्हणजे लोकल) म्हणजे मिलीला ५ मिग्रॅ. २ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर ६० किलोला १२० मिग्रॅ, म्हणजे २४ मिली ही कमाल. २० मिलीत भागतं. शेवटी सर्जन जखमेत मारतो ते लोकलही याच हिशोबात धरायचं, हे हमखास विसरतं. दर ३-५ मिलीला ॲस्पिरेट करा (सिरिंज मागे ओढून रक्त येतं का बघा). थोडं औषध आर्टरी आणि बरगडीच्या कोपऱ्यात द्या, नाहीतर करंगळीकडची बाजू सुटते.

लोकल रक्तात जाऊन विषबाधा झाली तर उतारा म्हणून २०% लिपिड (शिरेतून द्यायचा स्निग्ध द्रव) ओटीतच हवं: १.५ मिली प्रति किलो, म्हणजे ९० मिली २-३ मिनिटांत, मग मिनिटाला १५ मिली. प्रोपोफॉल (भुलीचं दुधाळ औषध) त्याची जागा घेत नाही.

चरकाच्या केसमध्ये ब्लॉकआधी बोटांची संवेदना तपासून कागदावर लिहा. कंपार्टमेंटची (सुजेने स्नायूंत दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याची) भीती असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय ब्लॉक नको. दुखणंच झाकलं जातं.

पंचगंगा_घाट:
मशीनचं राहिलंच. फिरवू नका. पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली) नोंदणी जागेची असते आणि पोर्टेबल मशीन नोंदवलेल्या आवारातल्या भरती पेशंटपुरतंच. ‘प्रोब लिनिअर आहे, पोटाचा नाही’ म्हणून सूट मिळत नाही. त्यात आपला कोल्हापूर जिल्हा म्हणजे सायलेंट ऑब्झर्व्हरचा (मशीनवर काय तपासलं ते नोंदवणाऱ्या उपकरणाचा)! प्रत्येक हॉस्पिटलने आपलं मशीन नोंदवावं, आणि वापरणाऱ्यांत तुमचं नाव किती ठिकाणी घालता येतं ते आधी नोंदणी कार्यालयात विचारून घ्यावं.

करवीर_भूल:
समजलं. उद्याच्या केसला आधी सलाईनचा फुगा, मग औषध.