प्रति : क्रोमवरची चमक जात नाही

कॅमेऱ्याच्या लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावूनही जुन्या गाडीच्या बंपरची चमक फोटोत तशीच राहते, असं वर एका दादांनी लिहिलंय. राहणारच, राजेहो! तो फिल्टर काचेवरची आणि रंगावरची झळाळी कमी करतो. क्रोमसारख्या उघड्या धातूवर त्याची मात्रा चालत नाही. तिथे आरसा समजूनच फोटो काढायचा, म्हणजे समोर काय उभं आहे ते आधी बघायचं. सिव्हिल लाइन्समध्ये एका काकांची ॲम्बॅसडर टिपली, तर प्रत्येक हबकॅपमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या चकचकीत झाकणात, उकिडवा बसलेला मीच! शेवटी लांब सरकून झूम लावला, गाडी झाडांच्या सावलीकडे तोंड करून लावली, तेव्हा कुठे जमलं.

नागपुरात उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या जरा आधीच पोचा. नऊ वाजता टपावर हात ठेवून बघा, कळेल.

आणि फक्त समोरून फोटो नका काढू. डुक्कर फियाटचे, म्हणजे जुन्या फियाट ११००चे, पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असल्याने उलटे उघडतात. ते उघडे ठेवून बाजूने घ्या. ॲम्बॅसडर २०१४पर्यंत बनत होती, म्हणजे तिचं तेवढं अप्रूप नाही, त्यामुळे माझा जीव फियाटवरच जास्त. काका हे वाचत नसावेत.