साठीनंतर चाळिशी सुटली, हे चांगलं लक्षण का?

अक्षरओळख:
वय 66. तीन वर्षांपूर्वी दूरचा नंबर दोन्ही डोळ्यांना +0.50 आणि जवळच्यासाठी त्यावर +2.50. आता औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरंसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येतात. घरच्यांच्या मते नजर सुधारली. पण नव्या तपासणीत उजवा −2.50 आणि डावा −0.75 निघाला. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू नाहीत. नुसता चष्मा बदलावा की आणखी काही बघावं?

नेत्रपटल:
नजर सुधारलेली नाही. उजव्या डोळ्याचा नंबर नेमका वाचनाच्या अंतरावर येऊन थांबलाय, इतकंच. 1 भागिले 2.5 म्हणजे 0.4 मीटर. तो डोळा विनाचष्मा 40 सेंटिमीटरवर स्पष्ट बघतो, आणि कागद आपण साधारण तिथेच धरतो. त्यापलीकडचं सगळं पुसट.

बहुधा हा डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातला मोतीबिंदू आहे. गाभा वर्षानुवर्षं घट्ट होत जातो, प्रकाश जास्त वळवायला लागतो आणि नंबर मायनसकडे सरकतो. सोबत भिंग पिवळट होतं, त्यामुळे निळा रंग मळतो. गडद निळा आणि काळा मोजा शेजारी ठेवून एकेक डोळा झाकून बघायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असले तर चांगला डोळा दुसऱ्याचं पितळ उघडं पडू देत नाही.

चष्मा करता येईल, पण दोन डोळ्यांत 1.75 चा फरक आहे. काचेच्या खालच्या भागातून बघताना दोन प्रतिमा वरखाली सरकतात आणि जिना उतरताना पायरी चुकते. महागाच्या काचा आत्ता तरी नकोत.

गोडकडू:
गोळ्या चालू नाहीत म्हणजे साखर नाही, असं नव्हे. रक्तातली साखर वाढली की भिंग फुगतं आणि नंबर काही दिवसांतच हलतो, ती उतरली की परत फिरतो. इथे बदल एकाच डोळ्यात जास्त आहे, म्हणून माझा संशय कमी. तरी एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. साखर जास्त निघाली तर ती महिनाभर स्थिर राहीपर्यंत चष्म्याचा नंबर काढू नका.

सावकाश:
मोतीबिंदूच असेल तर घाई कशाला? पूर्ण पिकला की काढावा. तोवर विरघळवणारे थेंब घालून बघता येतील.

नेत्रपटल:
दोन्ही मुद्दे चुकीचे. मोतीबिंदू विरघळवणारे खात्रीचे थेंब नाहीत. पिकू देण्याची रीत आख्खं भिंग बाहेर काढायचे त्या काळातली. चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये आणलेल्या पद्धतीत ध्वनिलहरींनी भिंग आतच फोडून शोषून घेतात. गाभा जितका कडक, तितकी जास्त ऊर्जा लागते आणि पारपटलाच्या, म्हणजे डोळ्यासमोरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशींना इजा होते. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार फुगलेल्या भिंगाने डोळ्याचा दाबही वाढू शकतो.

उलट टोकही नको. रोजची कामं अडत नसतील, तर थांबायला हरकत नाही.

काचबिंदूवाला:
तपासणीत बाहुली मोठी करून मागचा पडदा बघितला का? नसेल तर ती तपासणी अर्धीच झाली. थेंबांनंतर 4-6 तास अंधुक दिसतं, तेव्हा गाडी चालवू नये. डोळ्याचा दाबही मोजून घ्या. साधारण 10 ते 21 मिमी पारा ठीक मानतात, पण या मर्यादेत राहूनही काचबिंदू होतो आणि पातळ पारपटलावर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून नेत्रनाडी, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, हीसुद्धा बघायला हवी. काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही.

दिव्याभोवती रंगीत कडी, सोबत डोळा लाल, दुखरा आणि उलटी असेल तर सकाळची वाट बघू नका. पित्त समजून गोळी घेण्यात तास जातात.

शस्त्रक्रिया ठरलीच तर दोन गोष्टी आधीच सांगा. एक, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल तर, कारण त्याने बुब्बुळ (बाहुलीभोवतीचं रंगीत वर्तुळ) ढिलं पडतं. गोळी मनानेच बंद करू नका. दुसरी, चष्म्याशिवाय वाचायची सवय. साधं कृत्रिम भिंग दूरच्या नजरेसाठी बसवलं की चाळिशी परत येते आणि मग माणूस म्हणतो ऑपरेशन बिघडलं.

अक्षरओळख:
मोज्यांची चाचणी केली. उजवा डोळा झाकला तर फरक कळतो. डावा झाकला तर दोन्ही मोजे काळेच. पडदा बघितलेला नाही.

नेत्रपटल:
मग चष्मा थांबवा, आधी बाहुली मोठी करून तपासणी. जुना नंबराचा कागद सोबत न्या. तोपर्यंत रात्री गाडी दुसऱ्याने चालवावी.