बर्नर स्ट्रीटचा ज्यू कामगारांचा क्लब: खुनापलीकडे काही माहिती आहे का?

वाचनवेडी
गेले दोन आठवडे जॅक द रिपर प्रकरणावर (१८८८ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाईटचॅपल भागात बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला खुनी) हाताला लागेल ते वाचतेय. ३० सप्टेंबर १८८८ ला रात्री एकच्या सुमारास त्याची बळी मानली जाणारी एलिझाबेथ स्ट्राइड, तिचा मृतदेह सापडला तो बर्नर स्ट्रीटवरच्या ४० नंबरच्या घराशेजारच्या अंगणात, आणि त्या घरात 'इंटरनॅशनल वर्किंग मेन्स एज्युकेशनल क्लब' होता, एवढं सगळीकडे एका ओळीत येतं आणि लोक पुढे खुन्याकडे वळतात. मी मात्र तिथेच अडकले. त्या रात्री वरच्या हॉलमध्ये ९०-१०० माणसं जमून 'ज्यूंनी समाजवादी का व्हावं' यावर चर्चा करत होती, चर्चा संपल्यावर वीसेक जण गाणी म्हणत थांबले होते. आठवडाभर सुई-दोऱ्यात मान मोडून बसणाऱ्या माणसांना शनिवारी रात्री हे करावंसं का वाटलं असेल? कोण होते हे लोक?

निळी_शाई
छान प्रश्न. मुळापासून सांगायचं तर १८८१ मध्ये रशियाच्या झारचा, दुसऱ्या अलेक्झांडरचा खून झाला आणि त्यानंतर तिकडे ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, १८८२ मध्ये त्यांच्यावर जाचक कायदे आले. जीव आणि पोट दोन्ही वाचवायला माणसं निघाली, बरीच अमेरिकेला गेली, काही लंडनला उतरून बंदराजवळच व्हाईटचॅपलमध्ये राहिली. यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) सोडून दुसरी भाषा नाही, मग ओळखीच्या माणसाकडे शिवणकाम. मोठी दुकानं काम मध्यस्थाला द्यायची, तो आपल्याच घरातल्या खोलीत आठ-दहा माणसं बसवायचा, एक कच्चे टाके घालणार, एक मशीनवर, एक इस्त्रीवर, काजं करायला बायका. सीझन असला की चौदा-सोळा तास, नसला की आठवडे रिकामे. गंमत नाही, मालकही बहुतेकदा दोन वर्षांपूर्वीचा असाच गरीब निर्वासित असायचा, त्यामुळे भांडायचं कोणाशी हेच कळेना. ते कळावं म्हणून क्लब.

१८७६ मध्येच आरोन लीबरमनने लंडनमध्ये हिब्रू समाजवाद्यांची संघटना काढून पाहिली होती, ती काही महिन्यांत मोडली. बर्नर स्ट्रीटचा क्लब १८८५ चा. त्याच वर्षी मॉरिस विंचेव्स्कीने 'आर्बेटर फ्राइंट' म्हणजे 'कामगारांचा मित्र' हे यिडिश पत्र काढलं, पुढे ते क्लबनेच चालवायला घेतलं, छपाई मागच्या अंगणात. म्हणजे स्ट्राइड सापडली त्याच अंगणात रोज छपाईचे खिळे जुळवले जात होते. क्लबात व्याख्यानं, नाटकं, गाणी, वर्तमानपत्रं. विल्यम मॉरिससारखा मोठा इंग्रज कवीही तिथे बोलून गेलाय.

उंबरठा
माहिती छान, पण क्लबचं वजन जरा जास्त धरलं जातंय असं मला वाटतं. स्ट्राइडच्या चौकशीत क्लबच्याच माणसाने साक्ष दिली की सभासद ७५ ते ८० आहेत. व्हाईटचॅपलमधल्या ज्यूंची संख्या हजारोंत! बहुतेक शिंपी श्रद्धाळू, शब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस पाळणारे, लहान लहान प्रार्थनास्थळांत जाणारे. आणि या मंडळींनी योम किपूरला, म्हणजे ज्यूंच्या मोठ्या उपवासाच्या दिवशी, लोक दिवसभर उपाशी असताना नाच आणि जेवणावळी ठेवल्या, त्याने कोण जवळ येणार? ज्या माणसाने देश सोडला, बोली कोणाला कळत नाही, त्याच्याकडे उरलेली एकच गोष्ट म्हणजे त्याचा धर्म, आणि तुम्ही त्यावरच हसताय. हे मला आजही खटकतं.

निळी_शाई
@उंबरठा योम किपूरचं अगदी मान्य, चूकच होती ती. पण सभासदसंख्येवरून मोजू नका. मार्च १८८९ मध्ये याच मंडळींनी शनिवारी ग्रेट सिनेगॉगवर (ज्यूंचं मोठं प्रार्थनास्थळ) मोर्चा नेला, मागणी एवढीच की मुख्य रब्बींनी म्हणजे धर्मगुरूंनी या राबवून घेण्याविरुद्ध प्रवचन द्यावं. ते मिळालं नाही. त्याच वर्षी ऑगस्टअखेर, गोदी कामगारांचा मोठा संप चालू असतानाच, शिंप्यांनी सुया खाली ठेवल्या. मागणी काय तर दिवसाला बारा तास, त्यातच जेवणाची आणि चहाची सुट्टी. बारा तास मागायला संप करावा लागला, यावरून आधी काय असेल ते बघा. आणि हे संपावर गेलेले लोक सगळे काही नास्तिक नव्हते, तुम्ही म्हणता तेच शब्बाथ पाळणारे होते. गोदीवाल्यांनी आपल्या निधीतून त्यांना १०० पौंड दिले, आयरिश आणि इंग्रज हमालांनी ज्यू शिंप्यांना. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तडजोड झाली, मध्यस्थी व्हाईटचॅपलचे खासदार सॅम्युअल मॉंटेग्यूंनी केली, ते स्वतः श्रीमंत ज्यू बँकर.

उंबरठा
हे १०० पौंडांचं माहीत नव्हतं. मग १९१२ चं जास्त कळतं, गोदी संपात उपासमार व्हायला लागली तेव्हा ज्यू शिंप्यांच्या घरांनी गोदीवाल्यांची तीनशेहून जास्त पोरं सांभाळली होती. तेव्हा पुढे होता रुडॉल्फ रॉकर, हा ज्यू नसलेला जर्मन, इथे येऊन यिडिश शिकला आणि तेच 'आर्बेटर फ्राइंट' चालवायला लागला.

वाचनवेडी
वाचताना अंगावर काटा आला, दोघांचेही आभार. एक राहिलं, प्रेत ज्याला सापडलं तो लुई डिमशुट्झ, घोडागाडी घेऊन आलेला, तो क्लबचाच ना? आणि ती इमारत आहे का अजून?

निळी_शाई
हो, क्लबची व्यवस्था तोच बघायचा, शिवाय बाजारात स्वस्तातले दागिने विकायचा, त्या रात्री दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसकडच्या बाजारातून परतत होता. १८८९ च्या त्या मोर्चानंतर क्लबापाशी पोलिसांशी मारामारी झाली, त्यात त्याला तुरुंगवास झाला. इमारत गेली. रस्त्याला आता हेन्रिक्स स्ट्रीट म्हणतात आणि क्लबच्या जागी प्राथमिक शाळा आहे.